टिलोसची शांतता कुठून येते?

ग्रीक बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच फोटो येतो. पांढऱ्या भिंती, निळा घुमट, खाली समुद्र. तो फोटो सँटोरिनीचा. मीही पहिल्यांदा तोच बघायला गेले होते, आणि सूर्यास्त बघितला तो समोरच्या माणसाच्या मोबाईलच्या पडद्यावर. कायमची वस्ती जेमतेम पंधरा हजारांची आणि वर्षाला येणारे पाहुणे तीस लाखांच्या घरात, मग दुसरं काय होणार? सूर्य बुडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि एका अरुंद गल्लीतून सगळी गर्दी एकदम बसकडे निघाली. मला दादरचा पूल आठवला.

म्हणून पुढच्या खेपेला मी टिलोसला गेले. आज त्याच बेटाबद्दल बोलायचंय.

टिलोस हे ऱ्होड्स आणि कोस या दोन मोठ्या बेटांच्या मधे आहे. क्षेत्रफळ साधारण ६४ चौरस किलोमीटर, वस्ती काहीशे माणसांची. विमानतळ नाही. ऱ्होड्सहून वेगवान बोटीने दोनेक तास लागतात, अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठ्या बोटीने जायचं तर जवळजवळ अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र. लिवादिया हे बंदराचं गाव आणि आत डोंगराच्या कुशीत मेगालो खोरियो, म्हणजे शब्दशः ‘मोठं गाव’. मोठं म्हणजे आपल्या हिशोबाने वाडीच.

इथे बघायला काय आहे, असं मला परतल्यावर सगळ्यांनी विचारलं. आहे की! खार्काडियो नावाची गुहा आहे, तिथे १९७१ मध्ये खोदकाम सुरू झालं आणि बुटक्या हत्तींची हाडं सापडली. उंची माणसाएवढी किंवा त्याहून थोडी कमी. बेटावर अडकलेल्या मोठ्या प्राण्यांची पिढ्यान्‌पिढ्या उंची घटत जाते, त्याचं हे उदाहरण. प्राचीन काळची कवयित्री एरिना इथली, असंही परंपरा सांगते. पण खरं सांगायचं तर हे सगळं दोन दिवसांत बघून होतं. तिसऱ्या दिवशी काय करायचं, हा प्रश्न पडतो आणि सुट्टी तिथून सुरू होते.

पहिले दोन दिवस मला शांतता सोसली नाही. सारखा हात फोनकडे जायचा. लिवादियाचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. लाट परत जाताना त्या गोट्यांवरून जो खळखळ आवाज येतो, तो मला तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. आधीही येतच असणार. मग डोंगरातल्या शेळ्यांच्या घंटा, आणि उन्हात तापलेल्या रानटी ओव्याच्या जातीच्या झुडपांचा वास. शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे. एका वेळी एकच आवाज असणं, असं मी तरी म्हणेन.

ग्रीसमध्ये या शांततेला कायद्याचाही आधार आहे बरं का. उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५:३० आणि रात्री ११ ते सकाळी ७ हे शांततेचे तास. त्या वेळात ड्रिल चालवणं, मोठ्याने गाणी लावणं, भांडी आपटणं यावर शेजारी पोलिसांना बोलावू शकतो. आपल्याकडे दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवणाऱ्यांची इतकी थट्टा झाली, पण वामकुक्षीला थेट सरकारी संरक्षण देणारा देश आहे, हे पुणेकरांनी नोंदवून ठेवावं.

आणि काफेनियो. म्हणजे गावातलं कॉफीचं दुकान. एक कॉफी मागवा आणि दोन तास बसा, कोणी उठवत नाही. तुम्ही मागितल्याशिवाय बिल येत नाही. आधी आणून ठेवणं म्हणजे ‘उठा आता’ म्हणण्यासारखं.

तिथेच एका म्हाताऱ्या गृहस्थांशी ओळख झाली. आयुष्याची पस्तीस वर्षं मेलबर्नला काढून परतलेले, त्यामुळे इंग्रजी उत्तम. मी म्हटलं, तुमचं बेट किती शांत आहे! त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, तुला शांत वाटतं, मला रिकामं वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून मी मिक्रो खोरियोला चढून गेले. म्हणजे ‘लहान गाव’. चाच्यांच्या भीतीने समुद्रापासून दूर, डोंगरात वसवलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक एकेक करून खाली लिवादियाला उतरले, १९६०च्या दशकात शेवटची माणसं गेली. अनेक जण त्याही पुढे गेले, ऱ्होड्स, अथेन्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. घरांना आता छपरं नाहीत. चुलीची जागा दिसते, भिंतीतले कोनाडे दिसतात. आमच्या आजोळी, राजापूरकडे, अशी घरं मी लहानपणापासून बघितली आहेत. कुलूप, पडवीत पाचोळा, आणि गणपतीत चार दिवस दिवा. तिथला गणपती म्हणजे १५ ऑगस्ट, मेरीमातेचा सण. त्या सुमारास बोटी भरभरून माणसं आपापल्या बेटांवर येतात आणि आठवड्याभरात पुन्हा पांगतात.

म्हणजे ज्या शांततेसाठी मी व्हिसाच्या रांगेत उभी राहिले, ती कोणाच्या तरी जाण्याने तयार झाली आहे. हे कळल्यावर सुट्टीची मजा गेली नाही, पण ‘अस्पर्शित’ हा शब्द मी वापरेनासा झाले.

टिलोसने मात्र या रिकामपणाशी हुशारीने व्यवहार केला. १९९३ पासून बेटावर शिकारीला बंदी आहे, त्यामुळे पक्षी वाढले आणि पक्षी बघणारे पाहुणेही येऊ लागले. वीज पूर्वी कोसहून समुद्राखालच्या केबलने यायची आणि वारंवार जायची. मग एक पवनचक्की, सौर पॅनेल आणि मोठ्या बॅटऱ्या अशी जोडणी उभी केली, तिला २०१७ मध्ये युरोपियन युनियनचा पुरस्कारही मिळाला. आता रस्त्यावर कचरापेट्या नाहीत. घरोघरी येऊन वेगळा केलेला कचरा नेतात. दुसरी सँटोरिनी व्हायचं नाही आणि मिक्रो खोरियोही व्हायचं नाही, अशी ही कसरत आहे. राहणारी तरुण कुटुंबं टिकली तर ती साधेल.

जायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर. शेंगेन व्हिसाची तयारी बरीच आधी करा. शाकाहारी मंडळींनी ‘निस्तिसिमो’ हा शब्द पाठ करावा, म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांत मांस, अंडी, दूध चालत नाही, त्यामुळे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, मोठे पांढरे घेवडे, पिवळ्या डाळीचा फावा हे सगळं घरोघरी होतं. दही-चीज चालत असेल तर तुमची चैनच आहे.

आणि परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो. जोर वाढला की ‘आपागोरेफ्तिको’, म्हणजे बोटी सोडायला मनाई. वेगवान बोटी आधी थांबतात, मोठ्या नंतर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी बोट दोन दिवस आली नाही. पहिल्या दिवशी मी धक्क्यावर तीन चकरा मारल्या, विमान कंपनीला फोन केले, चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहायला गेले.

तिसऱ्या दिवशी बोट आली तेव्हा निम्मं गाव धक्क्यावर होतं. टोमॅटोच्या पेट्या उतरल्या, गॅसचे सिलिंडर उतरले, एक गादी उतरली, शाळेचं दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी उतरली. मेलबर्नवाले आजोबाही आले होते. त्यांचं कोणी येणार नव्हतं. बोट आली की बघायला यायचं, एवढंच, असं म्हणाले, आणि माझी बॅग उचलायला हात पुढे केला.