गुणांकाचे भय

बुद्धिबळाला दुसरा माणूस लागतो. पूर्वी त्यासाठी एखादे मंडळ गाठावे लागे किंवा निदान रिकामा शेजारी शोधावा लागे. आता मोबाइलवर पट उघडला की काही सेकंदांत कोठल्या तरी देशातला प्रतिस्पर्धी समोर येऊन बसतो. एवढी सोय झाल्यावर लोक मनसोक्त खेळत असतील, असे कोणासही वाटेल. पण पुष्कळांची अवस्था निराळीच दिसते. ते पट उघडतात, आपल्या नावापुढचा आकडा पाहतात आणि पट मिटून ठेवतात. हा आकडा म्हणजे गुणांक. खेळणाऱ्यांच्या भाषेत रेटिंग. काल तो १५०० वर गेलेला असतो. आज हरलो तर तो खाली येईल, ह्या धास्तीने डावच मांडला जात नाही.

तेव्हा हा आकडा आहे तरी काय, हे प्रथम पाहू. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकविणारे प्राध्यापक आर्पाद एलो यांची ही कल्पना. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि फिडे ह्या जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. लिचेस व चेस डॉट कॉम येथे चालते ती मार्क ग्लिकमन यांनी पुढे सुधारलेली पद्धत; पण मूळ विचार एलोंचाच. दोघांच्या गुणांकांतील अंतरावरून निकालाचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकेल त्या प्रमाणात आकडा दुरुस्त करायचा, एवढाच तो विचार. म्हणजे गुणांक हा अंदाज आहे. स्वतः एलोंनी ह्या मोजणीला, वाऱ्यात झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची उंची मोजण्याची उपमा दिली होती. आम्ही मात्र ह्या अंदाजाला पेढीतली ठेव समजतो, आणि ठेव म्हटली की ती घटण्याचे भय आलेच. कानमन आणि ट्व्हर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेली गोष्ट येथे तंतोतंत लागू पडते: मिळाल्याच्या सुखाहून तेवढेच गमावल्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते.

सर्वांत अधिक बोचतो तो आपल्याहून कमी गुणांकाच्या खेळाडूकडून झालेला पराभव. फिडेच्या एका रूढ हिशेबाने पाहू. २०० गुणांनी खाली असलेल्याला हरविले तर सुमारे ५ गुण मिळतात, त्याच्याकडून हरलो तर सुमारे १५ जातात. हा उघड अन्याय वाटतो. पण एवढे अंतर असताना चार डावांत तीन जिंकावे आणि एक हरावा, हीच तर अपेक्षा आहे! तीन विजयांचे १५ आले, एका पराभवाचे १५ गेले. जमाखर्च जवळजवळ शून्य. तो चौथा डाव हरणे म्हणजे अधोगती नव्हे, ते हिशेबात आधीच धरलेले आहे.

लागोपाठच्या पराभवांचेही तसेच. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळणारा, बरोबरीत सुटणारे डाव सोडून दिले तर, सलग पाच डाव हरण्याचा संभव ३२ त एक असतो. रोज दहा डाव खेळणाऱ्यावर हा प्रसंग महिन्यातून चारेक वेळा यावयाचाच. त्याच्या खेळात तसूभरही फरक पडलेला नसतो, तरी आकडा तीस-चाळीस गुणांनी घसरलेला असतो. आणि घसरलेल्या आकड्यामुळे पुढचे प्रतिस्पर्धी किंचित सोपे मिळतात, म्हणून तो पुन्हा वर येतो. खेळाची खरी ताकद गेली नसेल तर गेलेले गुण परत येतात. अट एकच, खेळत राहावे लागते.

भय सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणत नाही. फिडेच्या गुणांकावर किताब अवलंबून असतात, स्पर्धांतले गट ठरतात. पण लिचेसवरचा किंवा चेस डॉट कॉमवरचा आकडा ग्रँडमास्टर किताबासाठी धरला जात नाही; दोन स्थळांचे आकडे एकमेकांशीही जुळत नाहीत. आणि जेथे गुणांकाला खरे वजन आहे, तेथेही तो भाकीत नव्हे. २०२५ साली बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा मानांकनाच्या क्रमाने त्या १५ व्या होत्या.

भयाची खरी किंमत निराळीच असते. आकडा सांभाळणारा मनुष्य नवी सुरुवात खेळून पाहत नाही, बलवान प्रतिस्पर्धी टाळतो, जिंकत आलेल्या डावात बरोबरी मागतो. आकडा राहतो आणि खेळ थिजतो. लहान मुलांच्या बाबतीत तर आईबापच रोज आकडा विचारून हे भय पेरतात.

ह्यावर काही उपाय आहेत. गुणांकाविना खेळण्याची सोय असते, पण आमच्या मते तिचा उपयोग थोडाच. तेथे माणूस निष्काळजीपणे खेळतो आणि भय जागच्या जागी राहते. त्यापेक्षा लिचेसवर गुणांक पडद्यावर दिसूच नयेत अशी व्यवस्था करता येते, ती करावी. दिवसाचे डाव आधी ठरवावेत. लागोपाठ दोन हरल्यास उठावे, कारण गेलेले गुण आजच वसूल करण्याच्या संतापात खेळलेला डाव बहुधा जातोच. आकडा पाहायचाच तर शंभर डावांनी एकदा पाहावा. आणि हरलेला डाव निजण्यापूर्वी पुन्हा लावून, पहिली चूक कोठे झाली तेवढी शोधावी. त्याला दहा मिनिटे पुरतात.