सहा महिन्यांची रजा

सांगलीत एका सहकारी बँकेत मी रोखपाल होतो आणि चौदा वर्षं रात्री ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवत होतो. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की पहाटे चारला टेम्पोतून उतरायचं, दोन तास पाठ टेकायची आणि दहाला काउंटरवर नोटा मोजायला बसायचं. म्हणून नॉर्वेतला लेखक यू नेस्बो याची हकीकत वाचताना मी एका आकड्यापाशी अडलो. एका वर्षात सुमारे १८० कार्यक्रम, आणि दिवसा ऑस्लोत शेअर दलालाची नोकरी. हे काय असतं ते माझ्या बोटांना ठाऊक आहे.

इंग्रजी मुखपृष्ठावर नाव पाहून आपण त्याला ‘जो’ म्हणतो; नॉर्वेत ‘यू’ म्हणतात. त्याच्या पुस्तकांच्या आजवर पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. जन्म १९६० चा, लहानपण मोल्दे या समुद्रकाठच्या गावातलं. सतराव्या वर्षी तो मोल्देच्या संघातून देशाच्या अव्वल साखळीत फुटबॉल खेळला. पुढे दोन्ही गुडघे गेले. खेळापायी शाळेत मार्कही बेताचेच पडले होते. मग उत्तरेकडे सैन्यात तीन वर्षं काढली, तिथेच राहिलेला अभ्यास भरून काढला, बर्गेनला अर्थशास्त्र शिकला आणि दलालीत शिरला.

बँड १९९२ चा. गिटारवर भाऊ क्नुत, गाणी लिहायला आणि गायला यू. सुरुवातीला ते इतकं वाईट वाजवत की पुन्हा बोलावणं यावं म्हणून दर वेळी बँडचं नाव बदलत. तरी लोक येत राहिले आणि विचारू लागले, ‘ती मंडळी परत कधी?’ तेच नाव पडलं: दी देरे, म्हणजे ‘ती मंडळी’. १९९४ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला आणि नॉर्वेभर तुफान खपला. नोकरी मात्र त्याने सोडली नाही. हळूहळू त्याला सगळ्यांचा वीट आला, स्वतःचासुद्धा. साहेबांकडे आणि बँडकडे त्याने सहा महिन्यांची रजा मागितली आणि पृथ्वीवर जितकं लांब जाता येईल तितकं लांब, ऑस्ट्रेलियाला निघाला.

प्रकाशनातल्या एका ओळखीच्या बाईंनी त्याला बँडच्या दौऱ्यांवर पुस्तक लिहायला सुचवलं होतं. ते त्याला पटलं नाही. गाडीत घडलेलं गाडीतच राहावं, हे कुठल्याही वादकाला कळतं. पण लॅपटॉप सोबत होता. विमानात त्याने दुसरंच कथानक जुळवलं आणि सिडनीच्या हॉटेलात, झोपेचं चक्र उलटंपालटं झालेलं असताना, लिहायला घेतलं. त्याचा नायक हॅरी हूले हा ऑस्लोचा दारूत बुडालेला पोलीस. तोही नुकताच विमानातून सिडनीत उतरतो.

हस्तलिखित त्याने खोट्या नावाने पाठवलं. गायक म्हणून नाव झालंय म्हणून कुणी ते छापू नये, अशी त्याची धडपड होती. मला या माणसातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. पुस्तक १९९७ मध्ये निघालं, नॉर्वेचा रिव्हर्टन पुरस्कार आणि पुढच्या वर्षी सगळ्या नॉर्डिक देशांतून निवडला जाणारा ‘काचेची किल्ली’ हा पुरस्कार त्याला मिळाला. नोकरी सुटली.

लिहायला बसण्याच्या घाईमागे आणखी एक कारण होतं. वडिलांना निवृत्तीनंतर युद्धाच्या आठवणी लिहायच्या होत्या. निवृत्त झाले त्याच वर्षी ते गेले. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या बाजूने लेनिनग्राडच्या आघाडीवर लढले होते, आणि आईच्या घरचे लोक जर्मनांविरुद्ध होते. हे यूला पंधराव्या वर्षी कळलं. २००० सालच्या तिसऱ्या कादंबरीत त्याने ही आघाडी आणली. वडिलांचं पुस्तक लेकाने दुसऱ्या रूपात लिहिलं, असं मी मानतो.

भविष्याच्या गोष्टींकडे तो नंतर वळला. ‘ऑक्युपाइड’ या २०१५ च्या मालिकेची कल्पना त्याची. हवामान बदलाने आणलेल्या भीषण वादळानंतर नॉर्वेचा पंतप्रधान तेल आणि वायू उपसणं बंद करतो, थोरियमपासून वीज करू म्हणतो. इंधनाला आसुसलेला युरोपीय संघ रशियाला पुढे करतो आणि नॉर्वे जवळजवळ गोळी न झाडता हातातून जातं. बीज त्याला रशियाने क्रीमिया बळकावण्याच्या बऱ्याच आधी सुचलं होतं. मालिका आली तेव्हा रशियन वकिलातीने जाहीर नाराजी कळवली. २०२१ च्या कथासंग्रहातही महासाथीने मोडून पडलेला समाज आहे. नारायण धारपांच्या पुस्तकांत उद्याची भीती शोधत वाढलेल्या मला ही वाट परकी वाटत नाही.

लोक म्हणतात, संगीत सोडून तो लेखक झाला. मला हे मान्य नाही. गाण्याला मिळतात तीन-चार मिनिटं. तेवढ्यात माणूस उभा करायचा तर बरंचसं न सांगता ऐकणाऱ्यावर सोपवावं लागतं. आमच्याकडे शेवटच्या मुखड्याआधी ढोलकीवाला एक आवर्तन हात उचलून ठेवायचा. मैदानात पाच हजार माणसं, आणि त्या चार मात्रा प्रत्येक जण आपापल्या छातीत मोजायचा. नंतरची थाप त्यांचीच असायची.

नेस्बोच्या २००७ च्या ‘स्नोमॅन’मध्ये हेच आहे. हिवाळ्यातला पहिला बर्फ पडतो. अंगणात बर्फाचा माणूस उभा, तोंड रस्त्याकडे नाही, घराकडे. रात्री पोराला जाग येते, आई घरात नाही. तो बाहेर बघतो, तर बर्फाच्या माणसाच्या गळ्यात आईचा गुलाबी स्कार्फ. तिथे रक्ताचा थेंब नाही.

क्नुत २०१३ मध्ये कर्करोगाने गेला, आणि दी देरे पुढेही वाजवत राहिले. भाऊ नसलेल्या बाजूला बघून गायचं कसं, हे मला सांगता येणार नाही.

तो स्कार्फचा प्रसंग मी आमच्या ढोलकीवाल्याला मराठीत करून सांगितला. तो आता पंच्याहत्तरीचा आहे, कानाने कमी ऐकतो. स्कार्फपर्यंत आलो आणि मी मुद्दाम थांबलो. त्याने मांडीवरची बोटं वर उचलून धरली आणि म्हणाला, “आता लगेच बोलू नगंस.”