जुन्या इंजिनाला नवा श्वास

यंत्राला श्वास असतो असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक वाटेल. परंतु पेट्रोलच्या इंजिनाबाबत ते अक्षरशः खरे आहे. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. दट्ट्या खाली उतरला की वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलील, तेवढीच इंजिनाच्या वाट्याला येते. पेट्रोल हवे तितके वाढविता येईल. हवेचे तसे नाही. इंजिनाच्या शक्तीला खरी मर्यादा पडते ती येथे.

ही मर्यादा ओलांडणारे साधन म्हणजे सुपरचार्जर, अर्थात इंजिनाच्याच बळावर पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल येथे फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० साली अशा एका पंपाचे पेटंट घेतले. भट्ट्यांना व खाणींना वारा पुरविणारे हे यंत्र पुढे इंजिनाच्या माथ्यावर येऊन बसले. १३ जून १९३० रोजी इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरावर हेन्री सीग्रेव्ह यांनी सुपरचार्जरयुक्त रोल्स-रॉइस इंजिनांच्या नौकेतून ताशी सुमारे १५९ किलोमीटरचा विक्रम केला. त्याच दिवशी नौका उलटून त्यांचा अंत झाला. १९३२ साली अमेरिकेच्या गार वुड यांनी तशाच चार पॅकार्ड इंजिनांच्या साहाय्याने ताशी २०० किलोमीटरचा टप्पा गाठला.

ही झाली विक्रमवीरांची कथा; आपला प्रश्न घरगुती आहे. अमेरिकेतील सरोवरांच्या काठी राहणाऱ्या असंख्य कुटुंबांकडे सहलीची नाव असते. तिच्यात पुष्कळदा शेव्हर्ले मोटारीच्या घराण्यातले ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे, पंचवीस-तीस वर्षे वापरलेले इंजिन असते. आपल्यापैकी अनेकांची मुले, पुतणे, भाचे आज त्या देशात स्थायिक आहेत. नवे इंजिन परवडत नाही, तेव्हा जुन्यालाच सुपरचार्जर बसवावा, हा विचार अशा घरांतून सहज डोकावतो.

त्याचा हिशेब मांडून पाहू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. पंपाने त्यात ५ पौंडांची भर घातली, तर कागदावर एकतृतीयांश हवा अधिक मिळते. प्रत्यक्षात दाबलेली हवा तापून विरळ होते, आणि पंप फिरविण्यातही शक्ती खर्च होते. तरीही २५० अश्वशक्तीची ३२५ झाली, असे धरू. पाण्यावर उचलून धावणाऱ्या नावेचा वेग शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ६४ किलोमीटरचे फार तर ७३ होतील. भरलेली नाव चटकन पाण्यावर उचलली जाते, हा लाभ मात्र खरा.

आता मोल पाहू. सपाट रस्त्यावर मोटारीच्या इंजिनाला विसावा मिळतो; नावेचे इंजिन मात्र सतत घाट चढत असल्यासारखे राबते. ज्या इंजिनात मिश्रण मुळात नऊपट दाबले जाते, त्यात ही जादा हवा शिरली की परिणाम बारापट दाबल्यासारखा होतो. अशा वेळी साधे पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता भडकते व दट्ट्यांना तडे जातात. म्हणून उच्च ऑक्टेनचे इंधन, मिश्रणात पेट्रोलचे वाढीव प्रमाण, उशिरा पडणारी ठिणगी आणि सरोवराच्या पाण्याने हवा थंड करणारी योजना, ही चारही पथ्ये सांभाळावी लागतात. शिवाय मागच्या पंख्याच्या पात्यांचा पीळ वाढविला नाही, तर इंजिन मर्यादेबाहेर फिरते. आणि शक्ती पंख्यापर्यंत नेणाऱ्या दंतचक्रांनाही हा भार झेपला पाहिजे.

सर्वांत गंभीर प्रश्न आगीचा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. मोटारीखालून ती वाऱ्याने निघून जाते. नावेत मात्र तळाशी साचते, आणि मग एक ठिणगी पुरते. म्हणूनच अमेरिकेत १९४० पासून अशा इंजिनांच्या हवेच्या मुखावर ज्वालारोधक जाळी सक्तीची आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी तळातील हवा निदान चार मिनिटे पंख्याने बाहेर काढावी, असा इशाराही दिलेला असतो. स्वस्त म्हणून मोटारीचा कार्ब्युरेटर, इंधनपंप किंवा स्टार्टर नावेत बसविणे म्हणजे बारुदाशेजारी चूल मांडणे होय. कित्येक नावांत इंजिनाच्या झाकणावरच गादी असते, आणि तिच्यावर घरातली मुले बसतात, हे विसरता येत नाही.

जुन्या वाड्यावर मजला चढविण्यापूर्वी जाणता गवंडी आधी पाया उकरून पाहतो. येथेही तोच क्रम असावा. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. त्यांत लक्षणीय तफावत असेल तर सुपरचार्जरचा विषय तेथेच संपला. धूर नेणाऱ्या, पाण्याने थंड होणाऱ्या बिडाच्या नळ्या गंजल्या असतील, तर त्या आधी बदलाव्यात. वंगण, नळ्या, सांधे तपासावेत. एवढे करून इंजिन निरोगी ठरले, तर नावेच्या इंजिनांत मुरलेल्या कारागिराकडूनच, अल्प दाबाचा सुपरचार्जर बसवून घ्यावा. पुष्कळदा असे घडेल, की या दुरुस्त्यांनीच इंजिनाची हरवलेली शक्ती परत येईल आणि सुपरचार्जरची गरजच उरणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण पैशांपुरती नव्हती. परदेशातील आपल्या मुलाबाळांचे पत्र आले, फोन आला, आणि त्यात जुन्या नावेला वेग आणण्याचा बेत असला, तर नाव किती धावेल हे विचारण्याआधी तिचे इंजिन कोणी तपासले, हे अवश्य विचारावे.