झोप ठरते ती सकाळी

झोप लवकर लागावी म्हणून काय करावे, असे कोणालाही विचारले तर उत्तरे येतात ती सगळी रात्रीची. जायफळ घातलेले दूध प्या, तळपायांना तेल चोळा, मोबाईल दूर ठेवा, दीर्घ श्वास घ्या. यांतले काही उपाय खरोखर थोडेबहुत उपयोगी पडतात. पण निद्रानाशावर गेल्या पन्नासेक वर्षांत जे संशोधन झाले त्याचा रोख वेगळीकडे आहे. रात्री किती लवकर डोळा लागेल हे बऱ्याच अंशी त्या दिवशी सकाळी आपण किती वाजता उठलो आणि त्यानंतर दिवसभर अंथरुणापासून किती काळ दूर राहिलो यावर ठरते. म्हणूनच झोप न लागणारा माणूस जो उपाय सर्वांत आधी करतो, म्हणजे लवकर आडवे होणे आणि सकाळी उशिरापर्यंत लोळणे, तोच त्याला सर्वांत जास्त नडतो.

याचे कारण झोपेच्या घडणीत आहे. झ्युरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेले प्रारूप आजही या शास्त्राचा पाया मानले जाते. त्यानुसार झोपेमागे दोन यंत्रणा असतात. पहिली म्हणजे जागेपणी तासातासाने साचत जाणारी झोपेची गरज. मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य जसे वाढत जाते तशी ही गरज वाढते, आणि चहा-कॉफीतले कॅफिन याच ॲडेनोसिनची वाट अडवते. दुसरी यंत्रणा शरीराच्या घड्याळाची, आणि तिचे वागणे जरा अनपेक्षित आहे. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे घड्याळ आपल्याला विशेष जागे ठेवते. इस्रायलचे पेरेत्झ लावी यांनी १९८६ मध्ये या काळाला झोपेचा निषिद्ध टप्पा असे नाव दिले. रोज साडेअकराला झोपणारा माणूस ‘आज लवकर झोपू’ म्हणून साडेनऊला दिवा मालवतो तेव्हा तो नेमका या टप्प्यात शिरतो. दोन तास कूस बदलत पडून राहतो आणि आपल्या झोपेचे काहीतरी बिघडले आहे अशी खूणगाठ बांधतो. बिघडलेले काही नसते. वेळ चुकलेली असते. लवकर निजण्याचा उपदेश आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. पण निजणे हुकमी नसते, उठणे मात्र गजर लावून जमते. ठरल्या वेळी उठून बाहेरच्या उजेडात अर्धा तास घालवला की शरीराचे घड्याळ हळूहळू अलीकडे सरकते, आणि झोपही आपोआप अलीकडे येते.

झोपेसाठी जोर लावला की ती दूर पळते, हे तर प्रयोगाने दिसले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या गटाने १९९६ मध्ये विद्यार्थ्यांना झोपताना संगीत ऐकायला दिले. काहींना शांत संगीत, काहींना लष्करी संचलनाचे. दोन्हींतल्या काही जणांना ‘लवकरात लवकर झोपा’ असे बजावले होते. संचलनाचे संगीत ऐकत घाईने झोपू पाहणाऱ्यांना झोप लागायला सर्वांत त्रास झाला. मनावर आधीच ताण असताना झोपेचा हट्ट धरणे असे अंगाशी येते. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये निद्रानाशाची जी मीमांसा केली तिचे मर्मही याच्या जवळचे आहे. झोप मोडते ती परीक्षेने, घरातल्या मृत्यूने, नोकरी गेल्याने. ते कारण काही महिन्यांत मागे पडते. पण तेवढ्या काळात जडलेल्या सवयी, म्हणजे दुपारची लांबलेली झोप, नऊलाच अंथरुणावर जाणे, रात्री तीनदा घड्याळ पाहणे, मागे राहतात आणि मूळ दुःख निवल्यावरही निद्रानाश चालू ठेवतात.

उपचाराची दिशा यातूनच निघते. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवले की अंथरूण फक्त झोपेसाठी वापरावे, डोळे मिटू लागल्यावरच आडवे व्हावे, आणि थोड्या वेळात झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसरीकडे बसावे. पेंग आली की परत यावे. जागे राहून तळमळण्याशी अंथरुणाची जी गाठ बसलेली असते ती अशी सुटते. स्पीलमन यांनी याला वेळेचे गणित जोडले. समजा, एखाद्या बाई रात्री दहा ते सकाळी साडेसहा अंथरुणात असतात, पण आठवडाभराची नोंद काढली तर प्रत्यक्ष झोप भरते सरासरी सहा तास. मग त्यांनी साडेसहाला उठणे कायम ठेवायचे, आणि अंथरुणावर जायचे थेट साडेबारा वाजता. दुपारची डुलकी बंद. अंथरुणातला नव्वद टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की आडवे होण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची, आणि असे पायरीपायरीने पुरेशा झोपेपर्यंत पोहोचायचे. ही दोन सूत्रे ज्या उपचारपद्धतीचा कणा आहेत ती, म्हणजे निद्रानाशासाठीची बोधात्मक वर्तनोपचार पद्धती, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्याही आधी द्यावयाचा उपचार म्हणून सुचवली.

आधीच झोप नाही, त्यात अंथरुणातला वेळही कमी करायचा, हा जुलूम नव्हे का? आक्षेप खरा आहे, आणि पहिले दोन आठवडे जड जातात हे लपवण्यात अर्थ नाही. दिवसा डोळे जड होतात, चिडचिड होते. पण हाच जडपणा कामी येतो. साचलेली गरज रात्री एकगठ्ठा वापरली जाते. मर्यादा मात्र काटेकोर पाळाव्या लागतात. अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली कधीही नेऊ नये. एसटी, ट्रक किंवा रिक्षा चालवणाऱ्यांनी, यंत्रावर काम करणाऱ्यांनी, अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करूच नये. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाचा आजारच वेगळा असतो. रात्री पाय शिवशिवतात म्हणून ज्यांना स्वस्थ पडता येत नाही त्यांनी शरीरातले लोह तपासून घ्यावे.

दुसरा आक्षेप जागेचा. ‘उठून दुसऱ्या खोलीत जा’ हे सांगणे ज्यांच्या घरात झोपायची वेगळी खोली असते त्यांच्यासाठी. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे झोपतात तिथे कुठे जायचे? पण बूटझिन यांच्या सूत्रात महत्त्व खोलीला नाही, अंथरुणाला आहे. रात्री गाद्या घालायच्या आणि सकाळी उठल्याबरोबर गुंडाळून ठेवायच्या, ही आपल्या घरांतली जुनी रीत या सूत्राच्या अगदी जवळची आहे. दिवाण आणि डबलबेड आल्यापासून जेवणाचे ताट, मुलांचा अभ्यास आणि मोबाईल एकाच गादीवर आले. लहान घरातही भिंतीला टेकून सतरंजीवर बसता येते, स्वयंपाकाच्या ओट्याशी मंद दिव्यात काही वाचता येते. बाहेरच्या गोंगाटावर मात्र एकट्यादुकट्याचा इलाज नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना मनाई केली आहे. ती पाळली जाणे हा आरोग्याचा प्रश्न आहे, आणि ज्याला सकाळी सहाची लोकल पकडायची आहे त्याच्यासाठी तर तो हक्काचा प्रश्न आहे.

मग रात्रीच्या उपायांचे काय? चरकसंहितेने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले आणि झोप येण्यासाठी अभ्यंग, स्नान, दूध सुचवले. त्यांपैकी स्नानाला आधुनिक दुजोरा आहे. उपलब्ध अभ्यासांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की झोपण्याच्या एक-दोन तास आधी चाळीस ते साडेबेचाळीस अंश सेल्सियसच्या पाण्याने दहा मिनिटे जरी अंघोळ केली तरी झोप साधारण दहा मिनिटे लवकर लागते. गरम पाण्याने हातापायांकडचा रक्तप्रवाह वाढतो, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीराचे आतले तापमान उतरते. पाय ऊबदार असले की झोप लवकर लागते हे स्विस संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवले होते. जायफळाच्या बाजूने तेवढा भक्कम पुरावा नाही, आणि ते जास्त प्रमाणात घेतले तर विषारी ठरते. बेलर विद्यापीठातल्या २०१८ च्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे आधी झोप लागली. आणि मोबाईल? २०१५ च्या एका गाजलेल्या अभ्यासात झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांच्या मानाने झोप सुमारे दहा मिनिटेच उशिरा लागली. मला वाटते, पडद्याच्या निळ्या उजेडाला आपण गरजेपेक्षा जास्त दोष देतो. रील्स बघता बघता बाराचे दीड वाजतात, नुकसान तिथे होते. या सगळ्या आकड्यांत एक साम्य आहे: लाभ नऊ-दहा मिनिटांचा. ज्याला झोप अर्ध्या तासात लागते त्याला तेवढा पुरेल. जो दीड तास तळमळतो त्याचे एवढ्याने भागणार नाही, आणि असे उपाय करूनही झोप आली नाही की तो अधिकच हताश होतो.

राहिला प्रश्न गोळीचा. गोळीने झोप लवकर लागते, हे नाकारता येणार नाही. पण चार्ल्स मोरिन यांच्या गटाने १९९९ मध्ये वयस्कर रुग्णांची गोळी आणि वर्तनोपचार यांच्यात तुलना केली तेव्हा सुरुवातीला दोन्हींचा गुण आला, आणि पुढे टिकला तो वर्तनोपचाराचा. अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्यांची सवय जडते, उतारवयात तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि वर्षानुवर्षे घेतलेली गोळी एकाएकी थांबवणेही घातक असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते. तरी चिठ्ठीवर गोळीच येते, कारण ती लिहायला दोन मिनिटे लागतात आणि झोपेची नोंदवही तपासायला वीस. यावरही मार्ग निघू शकतो. इंग्लंडमध्ये ६४२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्पीलमन यांचे वेळेचे गणित तज्ज्ञांनी शिकवले नाही. स्थानिक दवाखान्यांतल्या परिचारिकांना थोडे प्रशिक्षण देऊन हे काम त्यांच्याकडे सोपवले होते. सहा महिन्यांनंतरही त्या रुग्णांचा निद्रानाश इतरांपेक्षा कमी होता. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि मधुमेहाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिस्टर आहेतच. आठवड्याभराच्या झोपेची नोंद पाहून उठण्याची एक वेळ ठरवून देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवायला महागडी यंत्रे लागणार नाहीत. थोडे प्रशिक्षण आणि वेगळा काढून दिलेला वेळ लागेल.