पिस्तुलाचा ट्रिगर: कानशीला हात घालण्याआधी

पिस्तुलाबद्दलच्या तक्रारींत ट्रिगरचा क्रमांक बहुधा पहिला असतो. खेच जड आहे, मध्येच खरखरते, गोळी नेमकी कधी सुटणार याचा अंदाज येत नाही. त्यावरचा सांगोवांगी उपायही ठरलेला असतो: आतले भाग काढा, घासून चकाचक करा, स्प्रिंगा बदला. या उपायामागचे गृहीत असे की ट्रिगर हा एक सुटा भाग आहे आणि तो हवा तसा मऊ करता येतो. प्रत्यक्षात बोटाला जाणवतो तो चार-पाच भागांच्या साखळीचा एकत्रित परिणाम. त्यातले काही पृष्ठभाग एकमेकांवर नुसते सरकतात, तर काही पृष्ठभाग ताणलेल्या हॅमरला धरून ठेवतात. सरकणारे पृष्ठभाग स्वच्छ आणि नितळ करणे ही देखभाल आहे. धरून ठेवणाऱ्या पृष्ठभागांचा आकार बदलणे ही शस्त्राच्या सुरक्षिततेत केलेली ढवळाढवळ आहे. ट्रिगरविषयीचे बहुतेक गैरसमज या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने पसरलेले आहेत.

उदाहरणासाठी ब्राउनिंग हाय-पॉवर घेऊ. जॉन ब्राउनिंग यांनी सुरू केलेली ही रचना १९२६ मध्ये त्यांच्या निधनानंतर बेल्जियममधल्या एफएन कंपनीत द्यूदोने सेव्ह यांनी पूर्ण केली आणि १९३५ मध्ये ती बाजारात आली. याच रचनेचे ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए’ पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल कारखान्यात तयार होते आणि भारतीय सैनिकांच्या कमरेला ते वर्षानुवर्षे राहिले आहे. यात बोटाने ट्रिगर ओढला की त्याला जोडलेली एक दांडी वर सरकते. ती स्लाइडमधल्या तरफेचे पुढचे टोक उचलते, तरफेचे मागचे टोक ताणलेल्या हॅमरला धरून ठेवणाऱ्या सिअरला खाली दाबते, सिअर हॅमरच्या खाचेतून निसटतो आणि हॅमर फायरिंग पिनवर आदळतो. बोट आणि हॅमर यांच्यामध्ये इतके टप्पे असल्यावर ‘ट्रिगर खरखरतो’ एवढ्यावरून दोष कुठे आहे ते कळत नाही.

गैरसमज १: मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले.

वस्तुस्थिती: मॅगझिन काढल्यावरही चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकते. आधी स्लाइड मागे ओढली आणि नंतर मॅगझिन काढले, तर ते काडतूस चेंबरमध्येच अडकून राहते, कारण स्लाइडने ते तिथे नुकतेच ढकललेले असते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहणे आणि बोटाने चाचपणे, आणि सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवणे. काही पिस्तुलांत ही खबरदारी केवळ शिस्तीची बाब राहत नाही. ग्लॉक उघडण्यासाठी स्लाइड काढण्याआधी ट्रिगर ओढावाच लागतो. चेंबर तपासायचे राहिले असेल तर साफसफाईची पहिलीच पायरी गोळीबाराची ठरते. हाय-पॉवरमध्ये तसे नाही. तिथे स्लाइड मागे नेऊन सेफ्टीने अडकवली आणि स्लाइड स्टॉप बाहेर ढकलला की स्लाइड पुढून निघून येते. एका पिस्तुलाची सवय दुसऱ्यावर चालवू नये, ते याचसाठी.

गैरसमज २: ट्रिगर जितका हलका तितका नेम अचूक.

वस्तुस्थिती: नेम बिघडतो तो बोटाने पिस्तूल हलवल्यामुळे. खेच एकसारखी आणि अंदाज बांधता येण्याजोगी असेल तर बरेच वजनही बोटाला पेलते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत १० मीटर एअर पिस्तुलासाठी ट्रिगरचे किमान वजन ५०० ग्रॅम आहे, तर .२२ च्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांनी खेळल्या जाणाऱ्या २५ मीटरच्या प्रकारांसाठी ते १००० ग्रॅम आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, ते याच नियमाखाली. रॅपिड फायरमध्ये तर ८, ६ आणि ४ सेकंदांत प्रत्येकी पाच गोळ्या पाच वेगवेगळ्या लक्ष्यांवर मारायच्या असतात आणि तिथेही एक किलोची अट सुटत नाही. विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या प्रकारात रौप्य मिळवले. जगातले उत्तम नेमबाज एक किलोच्या खेचेवर हे करू शकत असतील, तर ‘ट्रिगर जड म्हणून गोळी चुकते’ हे कारण पडताळून घ्यावे लागेल.

यावर आक्षेप असा की एक किलो हे स्पर्धेचे वजन झाले. रोज जवळ बाळगायच्या पिस्तुलांचा ट्रिगर त्याहून कितीतरी जड असतो. आक्षेप खरा आहे. ग्लॉकची नेहमीची खेच साधारण अडीच किलोची असते, आणि न्यूयॉर्क पोलिसांच्या पिस्तुलांना वर्षानुवर्षे सुमारे १२ पौंडांचे, म्हणजे जवळपास साडेपाच किलोंचे ट्रिगर होते. चुकून गोळी सुटू नये हा त्यामागचा हेतू. पण एवढ्या ओढीत पिस्तूल स्थिर ठेवणे कठीण जाते, ही टीकाही तेवढीच जुनी आहे. तेव्हा वजनाला महत्त्व नाही असे कोणी म्हणू नये. मात्र योग्य वजन कामानुसार ठरते. स्पर्धेच्या मैदानावर, पिस्तूल लक्ष्याकडे रोखलेले असताना जे वजन सुरक्षित, तेच कमरेला लावून गर्दीत फिरताना धोक्याचे होऊ शकते.

गैरसमज ३: आतले भाग घासून आरशासारखे केले की ट्रिगर सुधारतो.

वस्तुस्थिती: खरखर कुठे जाणवते त्यावर उत्तर अवलंबून आहे. ट्रिगरची चाल तीन टप्प्यांत पाहावी. सुरुवातीची ढिली चाल, मग जिथे बोटाला अडसर लागतो ती जागा, आणि त्यानंतर प्रत्यक्ष सुटण्याचा क्षण. खरखर ढिल्या चालीत असेल तर ती बहुधा सरकणाऱ्या पृष्ठभागांची असते: दांडी, तिची भोके, पिना, स्प्रिंगा, आणि त्यांवर साचलेले सुकलेले तेल, धूळ, जळलेल्या दारूचे कण. इथे स्वच्छतेनेच पुष्कळ फरक पडतो. हाय-पॉवरमध्ये आणखी एक जागा आहे. ट्रिगर ओढताना त्यातला एक छोटा दट्ट्या मॅगझिनच्या पुढच्या पत्र्यावर घासत जातो. तो पत्रा मळलेला किंवा ओरखडलेला असेल तर खेच जड होते, आणि तो पुसून नितळ ठेवला तरी खाचेला धक्काही न लावता फरक जाणवतो.

खरखर अगदी सुटण्याच्या क्षणी असेल तर प्रश्न सिअर आणि हॅमरच्या खाचेचा असतो, आणि तिथे घरच्या कानशीचे काम नाही. या दोन भागांची पकड कागदाच्या काही घड्यांएवढीच असते. अनेक पिस्तुलांत त्यांचे फक्त वरचे पातळ कवच कठीण केलेले असते. ते घासले गेले की आतले मऊ पोलाद उघडे पडते आणि आज लोण्यासारखा वाटणारा ट्रिगर काहीशे गोळ्यांनंतर झिजून पकड सोडू लागतो. कोनाचे गणित त्याहून नाजूक आहे. नीट बनवलेल्या खाचेत ट्रिगर ओढताना हॅमर किंचित मागे ढकलला जातो, म्हणजे तो आपणहून निसटू शकत नाही. कोन उलटा झाला की हॅमरची स्प्रिंगच सिअरला बाहेर ढकलू लागते. मग स्लाइड पुढे आदळताच हॅमर तिच्यामागून खाली येणे, धक्क्याने गोळी सुटणे, किंवा एकदा ट्रिगर ओढल्यावर दोन गोळ्या सुटणे असे प्रकार घडू शकतात.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात, ट्रिगर दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतील अशी बनवलेली किंवा बदललेली बंदूक निषिद्ध शस्त्रांत मोडते. घासलेल्या सिअरमुळे एकामागून एक गोळ्या सुटू लागल्या, तर तो बिघाड होता की बदल हा वाद मालकाच्या वाट्याला येतो. त्याच अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे. ‘पण कारखान्यातून आलेला ट्रिगरच ओबडधोबड असतो, त्याचे काय?’ असे विचारले जाते. काही वेळा असतोही. त्यासाठी परवानाधारक आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा कारागीर, आहे, ज्याच्याकडे भाग पक्के धरायचे साचे, कोन तपासायला भिंग आणि बदली भाग असतात. हातात नुसती कानस असलेल्याला थांबायचे कुठे हे दिसत नाही, आणि गेलेले पोलाद परत चिकटवता येत नाही.

गैरसमज ४: हलक्या स्प्रिंगा घातल्या, अडथळा आणणारे सुरक्षा-भाग काढले की काम भागते.

वस्तुस्थिती: प्रत्येक स्प्रिंग एकापेक्षा जास्त कामे करते. हॅमरची स्प्रिंग कमजोर केली की ट्रिगर हलका होतो, पण फायरिंग पिनवरचा घावही हलका होतो आणि कडक प्रायमरची काडतुसे पेटत नाहीत. हाय-पॉवरसारख्या पिस्तुलात तीच स्प्रिंग स्लाइड मागे जाण्याला विरोधही करते. ट्रिगर पुढे आणणारी स्प्रिंग कमजोर झाली तर पुढच्या गोळीसाठी ट्रिगर जागेवर येतोच असे नाही, आणि सिअरची स्प्रिंग कमजोर झाली तर तो खाचेत वेळेवर बसत नाही.

हाय-पॉवरच्या चाहत्यांत मॅगझिन सेफ्टी काढून टाकण्याचा प्रघात जुना आहे. मॅगझिन नसताना ट्रिगर निकामी करणारी ही यंत्रणा फ्रेंच सैन्याच्या मागणीमुळे आली, आणि वर सांगितलेला घासणारा दट्ट्या तिचाच. ती काढल्यावर खेच सुधारते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एफएनने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या हाय पॉवरमध्ये तर ही सेफ्टी ठेवलेलीच नाही. मग जुन्या पिस्तुलातून ती काढली तर बिघडले कुठे? फरक असा की नवे पिस्तूल तिच्याशिवाय कसे वागेल याचा विचार करूनच आखलेले आहे आणि ते हाताळणाऱ्याला तसे सांगितलेलेही आहे. जुने पिस्तूल मात्र बाहेरून तसेच दिसते, आणि मॅगझिन काढले म्हणजे ते निर्धोक झाले असे मानून उचलणाऱ्या पुढच्या माणसाला आत काय बदलले आहे ते कळायला मार्ग नसतो.

ट्रिगरच्या भागांवर आणखी किती गोष्टी अवलंबून असतात हे २०१७ मध्ये सिग सावर पी३२० च्या बाबतीत दिसले. विशिष्ट कोनात खाली पडल्यावर या पिस्तुलातून गोळी सुटू शकते असे चाचण्यांत आढळले. पडण्याच्या झटक्याने ट्रिगर स्वतःच्याच जडत्वाने मागे सरकत होता. कंपनीने त्यावर जी सुधारणा देऊ केली, तिच्यात ट्रिगर, सिअर आणि स्ट्रायकर (इथे हॅमरऐवजी काडतूस पेटवणारा भाग) हे भाग वजनाने हलके केले होते. ही हलकेपणाची सुधारणा बोटाच्या सोयीसाठी नव्हती, जडत्व कमी करण्यासाठी होती. नेमक्या उलट दिशेने, म्हणजे एखादा जाड धातूचा हौशी ट्रिगर आणि त्यामागे कमजोर स्प्रिंग बसवली, तर पिस्तूल पडल्यावर काय होईल याचा विचार ते विकत घेताना क्वचितच होतो.

गैरसमज ५: तेल जितके जास्त तितके चांगले.

वस्तुस्थिती: जास्तीचे तेल धूळ आणि काजळी धरून ठेवते आणि त्यांची घासणारी पेस्ट तयार होते, जी झीज कमी करण्याऐवजी वाढवते. आधी जुने तेल विद्रावकाने काढावे, भाग कोरडे पुसावेत आणि मग फक्त धातूवर धातू सरकतो तिथे थेंबभर तेल द्यावे. फायरिंग पिनचा मार्ग बहुतेक पिस्तुलांत कोरडाच ठेवायचा असतो, कारण तिथे घट्ट झालेले तेल घावाचा वेग खाते. ग्लॉकच्या पुस्तिकेत तर ट्रिगर बार आणि कनेक्टर जिथे भेटतात त्या कोपऱ्यावर एका थेंबाची जागा दाखवलेली आहे, आणि तो थेंब विसरल्यास ट्रिगर जड होतो. कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत पावसाळ्यात पिस्तूल वारंवार पाहावे लागते हे खरे. पण गंजाला उत्तर पातळ थर पुन्हा पुन्हा देण्यात आहे. म्यानाचे चामडे ओलावा शोषते आणि तो शस्त्राला लागतो, म्हणून साठवण म्यानाबाहेर करावी.

साफ करण्यासाठी दर वेळी शेवटच्या पिनेपर्यंत उघडण्याचीही गरज नसते. स्लाइड, बॅरल, परतीची स्प्रिंग आणि फ्रेम एवढे वेगळे केले की नेहमीची सफाई होते. पिना वारंवार ठोकून काढल्याने त्यांची भोके सैल होतात, आणि चुकीच्या जागी बसलेली एखादी बारीक स्प्रिंग सफाईचा सगळा फायदा घालवते.

गैरसमज ६: रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढला की ते बिघडते.

वस्तुस्थिती: हे काडतुसाच्या प्रकारावर अवलंबून आहे. .२२ च्या रिमफायर पिस्तुलांत पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. काडतूस नसेल तर ती चेंबरच्या काठावर आपटून काठ चेपू शकते. बहुतेक आधुनिक सेंटरफायर पिस्तुले, ज्यांत पिन काडतुसाच्या मध्यावर आदळते, मात्र हे सहज सोसतात. सीझेड ७५ सारख्या काहींत फायरिंग पिन धरणारी बारीक पिन वारंवारच्या आपटण्याने तुटू शकते, म्हणून तिथे नकली काडतूस वापरावे. अशा कोरड्या सरावात सरकणारे पृष्ठभाग एकमेकांना सरावतात आणि सुरुवातीची थोडी खरखर आपोआप जाते. त्याहून मोठा बदल बोटात होतो. ट्रिगर कुठे सुटणार हे बोटाला ठाऊक झाले की तोच ट्रिगर हलका वाटू लागतो.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ एका क्रमात मांडता येतो. आधी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री, मग सफाई आणि मोजके तेल, मग ट्रिगरमापकाने वजन मोजणे, मग काही आठवडे कोरडा सराव, आणि पुन्हा मोजणी. मोजमाप आवश्यक आहे, कारण ‘जड वाटते’ ही भावना थकव्याने आणि पकडीनेही बदलते. जोडणीनंतर रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर ओढून धरावा, स्लाइड मागेपुढे करावी, हॅमर ताणलेलाच राहतो ना हे पाहावे, ट्रिगर सोडल्यावर तो पुन्हा पकडतो का हे तपासावे आणि प्रत्येक सेफ्टी आपले काम करते का ते पडताळावे. एवढे करूनही दोष सुटण्याच्या क्षणीच जाणवत असेल, तर तो धरून ठेवणाऱ्या पृष्ठभागांचा दोष आहे असे समजून पिस्तूल आर्मररकडे द्यावे. घरच्या हातांची हद्द तिथेच संपते.