आकाशाचे छायाचित्रण : कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

2024 च्या ऑक्टोबर महिन्यात त्सुचिन्शान-अ‍ॅटलस हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिम क्षितिजावर दिसत होता. एका माजी विद्यार्थ्याने आपला जुना डीएसएलआर कॅमेरा शाळेला दिला होता. वसतिगृहाच्या गच्चीवर ट्रायपॉड लावून नववी-दहावीच्या मुलामुलींनी 50 मिलिमीटरच्या भिंगातून प्रत्येकी 5 सेकंदांची 25 छायाचित्रे घेतली. संगणकावर ती पाहिली तेव्हा मात्र सर्वांचेच चेहरे उतरले. शहराच्या दिव्यांचा पिवळसर उजेड आणि रंगीत ठिपक्यांची गर्दी एवढेच दिसत होते. धूमकेतूची शेपटी बोट ठेवून दाखवावी लागत होती. “सर, आपला कॅमेरा जुना आहे म्हणून असे झाले का?” असे एका विद्यार्थिनीने विचारले. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना आम्ही जे शिकलो, ते पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर मांडत आहे.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. मंद प्रकाशाच्या प्रत्येक छायाचित्रात खऱ्या प्रकाशाबरोबर कॅमेऱ्याच्या आतील विद्युत गोंगाटही नोंदला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट चटकन समजेल. एकाच पत्राच्या अनेक नकला हाती आल्या, तर प्रत्येक नकलेतील चुका निराळ्या असतात. मूळ मजकूर मात्र सगळीकडे सारखा असतो. नकला एकमेकींशी ताडून पाहिल्या की चुका गळून पडतात. अनेक छायाचित्रे एकावर एक रचण्याचे, म्हणजे ‘स्टॅकिंग’चे, तत्त्व हेच आहे. छायाचित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत चित्र स्वच्छ होते : 25 छायाचित्रांत पाचपट, 100 छायाचित्रांत दहापट. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे प्रत्येक छायाचित्रात किंचित सरकलेले असतात. ते जुळवून घेणे हे सॉफ्टवेअरचे पहिले काम. भिंगावर झाकण ठेवून तितक्याच सेकंदांची काळी छायाचित्रे घेतली, तर कॅमेऱ्याचे कायमचे डागही वजा करता येतात.

सॉफ्टवेअर निवडताना आमची आधी चूक झाली, हे कबूल केले पाहिजे. ओळखीच्या एका दुकानदाराने हजारो रुपयांचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर अगदी थोड्या पैशांत टाकून दिले. ती चोरीची प्रत होती, हे आम्ही विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. आठवडाभरात संगणक मंदावला आणि काही दिवसांनी त्यातील फाइली उघडेनाशा झाल्या. मेमरी कार्ड पुसलेले नव्हते, म्हणून धूमकेतू वाचला. पण नुकसानीपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच होता. रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या मुलांना आम्ही न दिलेली वस्तू वापरायला शिकवत होतो.

त्यानंतर आम्ही तीन कसोट्या ठरवल्या. पहिली, सॉफ्टवेअर शाळेच्या जुन्या संगणकावर चालले पाहिजे. दुसरी, मुलाला त्याची प्रत उजळ माथ्याने घरी किंवा पुढच्या महाविद्यालयात नेता आली पाहिजे. तिसरी, मूळ छायाचित्रापासून अंतिम चित्रापर्यंतची प्रत्येक पायरी पुन्हा करून पडताळता आली पाहिजे.

या कसोट्यांवर ‘सिरिल’ हे सॉफ्टवेअर सर्वांत सरस ठरले. ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. ठरावीक फोल्डरांत छायाचित्रे ठेवली की जुळवणे, डाग वजा करणे आणि रचणे ही कामे ते क्रमाने करते. पार्श्वभूमीचा उजेड कमी करणे व रंगांचा समतोल साधणे यांचीही सोय त्यात आहे. ते नुसते मोफत नाही, मुक्तही आहे. म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, तपासता येते आणि इतरांना देता येते. शेवटच्या हातासाठी ‘गिम्प’ हे असेच मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. केवळ रचण्याचे काम करायचे असेल तर ‘डीपस्कायस्टॅकर’ अधिक सोपे आहे. खाली डोंगर किंवा इमारत आणि वर तारे असे दृश्य असेल तर ‘सिक्वेटर’ जमिनीचा भाग स्थिर ठेवते. चंद्र आणि ग्रह यांची रीत निराळी : त्यांचे चलचित्र घेऊन त्यातील सर्वांत स्थिर क्षण ‘ऑटोस्टॅकर्ट’ निवडते आणि ‘रेजिस्टॅक्स’ बारकावे उठावदार करते. ‘पिक्सइनसाइट’ निःसंशय समर्थ आहे. पण त्याची किंमत युरोमध्ये असून आपल्या चलनात ती हजारोंच्या घरात जाते. ‘फोटोशॉप’चे भाडे तर सतत भरत राहावे लागते. नवशिक्या शाळेला या दोन्हींची गरज नाही.

खरा खर्च वेगळ्या ठिकाणी येतो. 24 मेगापिक्सेलचे एक छायाचित्र तीन रंगांसह 16 बिटमध्ये उलगडले की 144 मेगाबाइट जागा घेते. 25 छायाचित्रांना साडेतीन गिगाबाइटहून अधिक जागा लागते आणि प्रत्येक पायरीला नवी प्रत तयार होते. म्हणून आधी हार्ड डिस्क घ्यावी. छायाचित्रे जेपेगऐवजी कॅमेऱ्याच्या ‘रॉ’ स्वरूपात घ्यावीत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 छटा असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. या सॉफ्टवेअरची भाषा मुलांना अडू लागली, तेव्हा प्रत्येक पायरीचा मराठी तक्ता मुलांनीच हाताने लिहून भिंतीवर लावला.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. 1920 च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर रक्षणासाठी लाखेचे रोगण चढवले. हेतू चांगला होता. परंतु रोगण पिवळे पडले, त्यावर धूळ बसली आणि मूळ रंग झाकोळले. छायाचित्रावर अतिरेकी संस्कार केले की तेच घडते. आकाशात नसलेले रंग आणि न दिसलेले तारे चित्रात येतात. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही, नेहमी प्रतीवरच काम करायचे आणि प्रत्येक चित्राखाली दिनांक, वेळ, छायाचित्रांची संख्या व केलेले संस्कार लिहायचे, असा आमचा नियम आहे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, शाळेला महागडे सॉफ्टवेअर भेट देऊ नका. घरी पडून असलेला लॅपटॉप, हार्ड डिस्क किंवा ट्रायपॉड द्या. जमल्यास एक अमावस्येची रात्र द्या आणि मुलांना म्हैसमाळला घेऊन चला. शहराचा उजेड कोणतेही सॉफ्टवेअर पूर्णपणे पुसू शकत नाही.

तीच 25 छायाचित्रे सिरिलमधून रचली, तेव्हा धूमकेतूची शेपटी बोट न ठेवताही दिसली. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने ते चित्र स्वतः तयार केले आणि सॉफ्टवेअरची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दिवाळीच्या सुट्टीत गावी गेली. आता तिला नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ टिपायचा आहे. एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास तो आपल्या दक्षिण क्षितिजावर सुमारे 22 अंश उंच येतो. लंडनमध्ये तो उगवतच नाही. तिथल्या कितीही महाग सॉफ्टवेअरला तो तिथून दिसायचा नाही.