पट घटतो, पण शाळेचा खर्च का घटत नाही?

मागच्या भागानंतर एका ताईंचा फोन आला होता. त्यांची मुलगी मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत आहे. तिसरी आणि चौथी आता एकाच खोलीत बसतात. ताई म्हणाल्या, "पालिकेचं शिक्षणाचं बजेट दरवर्षी वाढतंय म्हणतात, मग आमच्या पोरींना वेगळ्या बाई का मिळत नाहीत?" प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याच्यावरच बोलू.

बजेट खरंच मोठं आहे. २०२५-२६ सालासाठी मुंबई महापालिकेने शिक्षणाला ३,९५५ कोटी रुपये ठेवले. पण घरात पगार आला की भाडं, वीजबिल, किराणा आधीच कापलेला असतो, तसंच इथेही. सगळ्यात मोठा वाटा शिक्षकांचे पगार आणि निवृत्तांचं पेन्शन यात जातो. त्यानंतर इमारतींची दुरुस्ती, साफसफाई, पहारा. मुलांना गणवेश, दप्तर, वह्या, बूट, रेनकोट अशा २७ वस्तू मोफत मिळतात, त्याही त्यातूनच.

आता पटाचं बघा. समजा पहिली ते चौथीची एक शाळा आहे. वर्गात तीस-तीस मुलं, एकूण १२०, आणि चार शिक्षिका. पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रत्येक वर्गातली बारा मुलं गेली. कुणी इंग्रजी शाळेत, कुणाचं कुटुंब विरार-बदलापूरकडे राहायला गेलं. उरली ७२. खोल्या तेवढ्याच, छप्पर तेवढंच, पहारेकरी तोच. म्हणजे खर्च जवळपास तोच आणि वाटणारी डोकी कमी. कागदावर प्रत्येक मुलामागचा खर्च वाढलेला दिसतो, आणि मग कुणीतरी विचारतं, "एवढ्या थोड्या मुलांसाठी शाळा कशाला?"

शिक्षक मात्र पटावर ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंतचा हिशेब दिलाय: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. आपल्या ७२ मुलांना तीनच बाई, आणि वर्ग चार! ताईंच्या मुलीची खोली अशी भरते. पट ६० वर आला की दोनच बाई. एका मुलाच्या नावावर एक शिक्षिका अडकलेली असते, हे लक्षात घ्या. आपल्या राज्यात या मोजणीला संचमान्यता म्हणतात. तिचे निकष सरकार बदलत असतं. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाला शिक्षक संघटनांनी जोरदार विरोध केला तो यासाठीच. शिक्षिका 'अतिरिक्त' ठरली की तिचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. मग एकत्र वर्ग बघून आणखी दोन आया मुलांची नावं काढतात, आणि पट परत घसरतो.

मी नोकरीत होते तेव्हा मे महिन्यात आम्ही बाया चाळीचाळीतून मुलं शोधत फिरायचो. दारात पाणी मिळायचं, चहा मिळायचा, मूल मात्र शेजारच्या कॉन्व्हेंटला जायचं! मी त्या आईला दोष देत नाही. तिला इंग्रजी हवं होतं. पालिकेनेही ते ओळखलं. 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने इंग्रजी शाळा आल्या, केंद्रीय मंडळाच्याही आल्या, आणि त्यांच्याकडे पालकांचा ओढा आहे. पण पालिकेच्या कितीतरी इमारतींत दोन-तीन माध्यमांच्या शाळा एकत्र भरतात. वरच्या मजल्यावर इंग्रजीचा वर्ग सुरू झाला की खालच्या मराठी वर्गातलीच मुलं जिना चढतात. पालिकेचा एकूण पट सावरलेला दिसतो, मराठी शाळेचा मात्र आणखी खचतो. हा दोष जिना चढणाऱ्या मुलाचा नाही. मराठी वर्गात इंग्रजी चांगलं शिकवायला पुरेशी माणसं आणि वेळ दिला असता तर इतकी मुलं हलली नसती, असं मला वाटतं.

मग ताईंनी काय करावं? पहिलं म्हणजे ३० सप्टेंबर लक्षात ठेवा. त्या दिवसाच्या पटावर संचमान्यतेचा हिशेब होतो, आणि त्यात मुलांचं आधारही तपासलं जातं. शाळेतल्या नावाचं आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंग जुळत नसेल तर रोज हजर असलेलं मूल मोजणीत अडकू शकतं. म्हणून हे काम जुलैतच करून घ्या. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं असेल आणि जुन्या शाळेचा दाखला मिळालेला नसेल, तरी त्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते आणि अनुदानाची मागणी त्याच्यावर उभी राहते. सही करण्याआधी तो वाचायला मागा. पट किती, शिक्षक किती, खोल्या किती, हे त्यात असतं. शाळा दुसरीत विलीन करायची चर्चा निघाली तर नवीन शाळेचं अंतर विचारा. पाचवीपर्यंतच्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. मध्ये रेल्वेचे रूळ किंवा हायवे येत असेल तर तेही लेखी कळवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

ताईंच्या शाळेत आता ५८ मुलं आहेत. वस्तीतली शाळेत न जाणारी चार मुलं त्यांनी शोधून ठेवलीत. त्यांची आधार कार्डं झाली की त्या मला फोन करणार आहेत.